मॅनिलाच्या आकाशातील उपेक्षित वीर

डिसेंबर महिना म्हटला की गोमंतकीयांच्या मनात प्रथम १९६१ साल उभे राहते. त्या वर्षी १८ डिसेंबरला भारतीय हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्ब टाकले. तो आवाज स्वतःच्या कानांनी ऐकलेली माणसे आजही आमच्यात आहेत. परंतु जगाच्या स्मरणात डिसेंबरची जी हवाई लढाई कोरली गेली आहे ती त्याच्या वीस वर्षे आधीची, पर्ल हार्बरची. दरवर्षी ७ डिसेंबर उजाडला की तिच्यावर रकानेच्या रकाने लिहिले जातात, चित्रपट दाखविले जातात. त्याच दिवशी, किंबहुना पंचांगाच्या हिशेबाने दुसऱ्या दिवशी, जपानी विमाने फिलिपिन्सवरही कोसळली होती, आणि त्यानंतरच्या चार-पाच दिवसांत मोडकळीला आलेल्या मूठभर विमानांनिशी त्यांना सामोरे जाणारे वैमानिक फिलिपिनो होते, ही गोष्ट मात्र त्या रकान्यांत क्वचितच आढळते. त्या वैमानिकांचे नेते हेसूस व्हिल्यामोर यांच्याविषयी आज चार शब्द लिहावेत असे आम्हांस वाटते.

फिलिपिनो माणूस आम्हांला अगदीच अपरिचित नाही. बोटीवर नोकरी करणाऱ्या गोमंतकीयाला विचारावे. इंजिनघरात, भटारखान्यात, डेकवर त्याच्या शेजारी उभा असतो तो बहुधा फिलिपिनोच. नाव स्पॅनिश, चेहरा पौर्वात्य, देवघरात क्रूस. साडेचारशे वर्षांच्या पोर्तुगीज अंमलाने आमच्या ख्रिस्ती बांधवांना जशी नावे दिली, तशीच तीनशेहून अधिक वर्षांच्या स्पॅनिश अंमलाने त्या बेटांतील लोकांना दिली. दोन्ही कथांचे मूळही फार दूर नाही. त्या बेटांपर्यंत पहिली स्पॅनिश गलबते घेऊन जाणारा मॅगेलन हा जन्माने पोर्तुगीज, आणि त्यापूर्वी १५०५ साली आल्मेदाच्या आरमारातून हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर चाकरी करून गेलेला. १५२१ मध्ये मक्तान बेटावरच्या लढाईत स्थानिकांनी त्याला ठार मारले. पुढे १८९८ मध्ये स्पेन गेला आणि अमेरिका आली. धनी बदलला, परवशता संपली नाही.

या अमेरिकन अमलात ७ नोव्हेंबर १९१४ रोजी, उत्तर लुझॉनमधील आब्रा प्रांतात, बांगेद गावी हेसूस व्हिल्यामोर यांचा जन्म झाला. घराणे विद्येचे. वडील इग्नासियो व्हिल्यामोर हे फिलिपिन्स विद्यापीठाचे पहिले फिलिपिनो अध्यक्ष. १९१५ ते १९२० अशी पाच वर्षे त्यांनी ते पद भूषविले आणि नंतर ते सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. न्यायमूर्तींचा मुलगा वकील व्हावा हा तिथलाही शिरस्ता, जसा तो आमच्याकडे मडगाव-पणजीतील घराण्यांतून होता. या मुलाचे चित्त मात्र आकाशात गुंतले होते. मॅनिलाच्या द ला साल महाविद्यालयातले शिक्षण झाल्यावर ते विमानविद्या शिकण्यासाठी अमेरिकेला गेले. वडील १९३३ साली वारले, तेव्हा मुलाचे वय अवघे अठरा होते.

त्यांच्या तरुणपणी फिलिपिन्सच्या राजकारणाला जे वळण मिळाले ते येथे सांगणे अवश्य आहे, कारण त्याच्यावाचून पुढच्या शौर्याचा अर्थ लागणार नाही. १९३४ साली अमेरिकन काँग्रेसने कायदा करून फिलिपिन्सला दहा वर्षांच्या संक्रमणकाळानंतर स्वातंत्र्य देण्याचे ठरविले. १५ नोव्हेंबर १९३५ रोजी मान्वेल केझॉन यांच्या अध्यक्षतेखाली अंतर्गत स्वायत्ततेचे शासन सुरू झाले. म्हणजे १९४१ साली बंदूक उचलणाऱ्या फिलिपिनो जवानाच्या खिशात, म्हणावे तर, स्वातंत्र्याची तारीख लिहिलेली हुंडी होती. हिंदुस्थानच्या बाबतीत काय घडले ते वाचकांना ठाऊकच आहे. सप्टेंबर १९३९ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी येथील एकाही लोकप्रतिनिधीला न विचारता हिंदुस्थान युद्धात असल्याचे जाहीर करून टाकले, आणि काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. दोन्ही देश परतंत्र असूनही त्यांच्या सैनिकांनी एकाच युद्धाकडे भिन्न दृष्टीने का पाहिले, याचे अर्धे उत्तर या एका फरकात सापडते.

स्वायत्त फिलिपिन्सला स्वतःचे लष्कर हवे होते. ते उभारण्याचे काम १९३५ पासून अमेरिकन जनरल डग्लस मॅकार्थर यांच्या सल्ल्याने चालले. त्याच वर्षी पोलिसी दलाची छोटी हवाई शाखा म्हणून जन्मलेली तुकडी पुढे फिलिपिन्स लष्कराचे हवाई दल बनली. व्हिल्यामोर १९३६ साली त्यात दाखल झाले, टेक्सासमधील रँडॉल्फ व केली या अमेरिकन तळांवर त्यांनी लष्करी उड्डाणाचे शिक्षण पुरे केले आणि परत येऊन आपल्या देशबांधवांना शिकवू लागले. पुढे लढाऊ विमानांच्या सहाव्या तुकडीचे नेतृत्व त्यांच्याकडे आले. तुकडीचा तळ मॅनिलाजवळचा झाब्लान. १५ ऑगस्ट १९४१ रोजी हे चिमुकले हवाई दल अमेरिकन सेनापतीच्या आधिपत्याखाली घेण्यात आले. त्यापूर्वी, २६ जुलैला, अध्यक्ष रूझवेल्ट यांनी फिलिपिन्सच्या सर्व सशस्त्र दलांना अमेरिकेच्या सेवेत पाचारण करणारा हुकूम काढला होता. ही तारीख वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिचा हिशेब पुढे यायचा आहे.

तुकडीजवळ होती बारा पी-२६ विमाने. बोइंग कंपनीने बनविलेले हे विमान पहिल्यांदा उडाले १९३२ साली. त्या वेळी ते नवलाईचे होते, कारण संपूर्ण धातूचे आणि एकाच पंखजोडीचे असे अमेरिकेचे ते पहिले लढाऊ विमान. पण दहा वर्षांत विमानविद्येने किती मजल मारली! पी-२६ ची चाके पोटात मिटत नसत. ती पायांसारखी खाली लोंबत राहत. पंख तारांनी ताणून बांधलेले, वैमानिकाची जागा उघडी, डोक्यावर काचेचे छप्पर नाही. पुढे बसविलेल्या दोन मशीनगन, आणि वेग ताशी पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास. अमेरिकन वैमानिक या विमानाला थट्टेने एक टोपणनाव देत, त्याचा अर्थ फुंकणीतून वाटाणे उडविण्याचे पोरांचे खेळणे. अमेरिकेने स्वतःसाठी नवी विमाने आणली आणि ही खेळणी फिलिपिनोंच्या हाती ठेवली. जुने कपडे गड्याला द्यावेत त्यातलाच हा प्रकार, असे म्हटले तर ते कठोर होईल, पण खोटे होणार नाही.

समोर होते जपानचे झीरो. १९४० साली लढाईत उतरलेले, पी-२६ पेक्षा ताशी दीडशे किलोमीटरने वेगवान, मशीनगनखेरीज वीस मिलिमीटरच्या दोन तोफा वागविणारे, आणि फोर्मोसाहून उडून लुझॉनवर लढून पुन्हा फोर्मोसाला परतण्याइतका पल्ला असलेले. अमेरिकन सेनाधिकाऱ्यांपैकी कित्येकांचा असा पल्ला शक्य आहे यावर विश्वासच नव्हता. पूर्वेकडच्या माणसाला चांगले विमान बांधता येत नाही, ही त्यांची पक्की समजूत होती.

ती समजूत ८ डिसेंबर १९४१ च्या दुपारी जळून खाक झाली. पर्ल हार्बरची बातमी मॅनिलाला पहाटेपूर्वीच पोचली होती. त्यानंतर नऊ तासांहून अधिक अवधी मिळूनही क्लार्क तळावरची अमेरिकन विमाने जमिनीवर ओळीने उभी असताना जपान्यांना सापडली. दुपारच्या एका हल्ल्यात अतिपूर्वेतील अमेरिकेचे निम्मे हवाई बळ नष्ट झाले. या दिरंगाईला जबाबदार कोण यावर सेनापतींनी पुढे आयुष्यभर वाद घातला. आम्ही त्यात पडत नाही. फिलिपिनो वैमानिकांच्या दृष्टीने त्याचा अर्थ एवढाच होता, की ज्यांनी त्यांचे रक्षण करायचे ते संपले होते, आणि जुन्या खेळण्यांवर आता राजधानीच्या रक्षणाचा भार पडला होता.

१० डिसेंबरला जपानी विमाने झाब्लानवर आली. वर शत्रूचे थवे घिरट्या घालीत असताना उड्डाण करणे हा वैमानिकाच्या जीवनातील सर्वांत असहाय क्षण असतो. विमान जड, वेग नाही, उंची नाही, वळायला जागा नाही. वरून झेप घेणाऱ्याला ते आयते सावज मिळते. व्हिल्यामोर अशा वेळी आपल्या मोजक्या विमानांसह वर चढले. पी-२६ मध्ये एकच गुण होता. लहान आणि हलके असल्याने ते चटकन वळे. त्या एका गुणावर सारा खेळ खेळायचा होता: शत्रू पाठीवर आला की ऐन क्षणी विमान पिळवटून वळवायचे, त्याला पुढे निघून जाऊ द्यायचे आणि तो डोळ्यांसमोरून सरकताना त्या दोन मशीनगन चालवायच्या. त्याच लढाईत लेफ्टनंट होसे गोसार यांच्या मशीनगन अडकल्या. तेव्हा त्यांनी पाठ फिरविली नाही. आपले विमानच शत्रूच्या विमानावर घालण्याचा प्रयत्न केला. शस्त्र निकामी झाल्यावर स्वतः शस्त्र होण्याची ही वृत्ती शिवकालाच्या बखरी वाचणाऱ्या आमच्या वाचकाला निराळी समजावून सांगण्याची गरज नाही.

दोनच दिवसांनी, १२ डिसेंबरला, बटांगासच्या तळावर पुन्हा हल्ला आला. आलेला थवा कितीतरी पटींनी मोठा होता. व्हिल्यामोर पुन्हा वर गेले आणि त्यांनी शत्रूचे एक बॉम्बफेके विमान पाडले. उघड्या कॉकपिटात बसलेल्या माणसाने, पोरखेळ म्हणून हिणविलेल्या विमानातून, दोन इंजिनांचे आधुनिक बॉम्बफेके पाडावे, ही घटना हवाई युद्धाच्या इतिहासात अपूर्व म्हणावी अशी आहे. पण त्या दिवसाची किंमतही तुकडीने मोजली. लेफ्टनंट सेसार बासा त्या दिवशी मारले गेले. या युद्धात कामी आलेले ते पहिले फिलिपिनो लढाऊ वैमानिक. पांपांगा प्रांतातील हवाई तळाला आज त्यांचे नाव आहे.

१० आणि १२ डिसेंबरच्या कामगिरीसाठी व्हिल्यामोर यांना अमेरिकेचा डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस हा शौर्यसन्मान एकदा नव्हे, दोनदा मिळाला. अमेरिकन लष्करात याच्या वर फक्त काँग्रेसचे मानपदक आहे. त्या महिन्यातच मॅकार्थर यांनी स्वतःच्या हाताने त्यांच्या छातीवर पदक लावले.

येथे एका दुसऱ्या माणसाची आठवण येते. त्याच १० डिसेंबरला, त्याच लुझॉनच्या आकाशात, कॉलिन केली नावाचा अमेरिकन वैमानिक मरण पावला. बॉम्ब टाकून परतताना त्याच्या विमानाला जपान्यांनी घेरले, विमान पेटले, आणि सहकाऱ्यांना छत्रीने उडी मारता यावी म्हणून तो शेवटपर्यंत सुकाणू धरून बसला. त्याच्या शौर्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण अमेरिकन वृत्तपत्रांना तेवढ्याने भागेना. त्याने हारुना ही जपानी युद्धनौका बुडविली असे छापले गेले आणि अल्पावधीत त्याचे नाव अमेरिकेत घरोघरी पोचले. हारुना त्या दिवशी तेथे नव्हतीच! केलीला मरणोत्तर मिळाले तेच पदक व्हिल्यामोर यांनाही मिळाले होते. त्यांनी केलेले काम खरे होते, आणि ते जिवंत होते. तरी जगाच्या स्मृतीत कोण राहिले? वीर कोणाला म्हणायचे हे रणांगणावर ठरते अशी आपली भाबडी समजूत असते. ते पुष्कळदा छापखान्यात ठरते, हे वृत्तपत्राच्या धंद्यात आयुष्य घालविणाऱ्या आमच्यासारख्यांनी तरी कबूल केले पाहिजे.

अशी उपेक्षा एकट्या फिलिपिनोंच्याच वाट्याला आली असेही नाही. फेब्रुवारी १९४२ मध्ये ब्रह्मदेशात भारतीय हवाई दलाच्या पहिल्या तुकडीने लायसँडर विमानांतून जपानी तळांवर बॉम्ब टाकले. लायसँडर हे टेहळणीचे संथ विमान. ते खास बॉम्बफेकीसाठी बनविलेले नव्हते. त्या तुकडीचे नेते करुण कृष्ण मजुमदार यांना त्याबद्दल ब्रिटिशांचे शौर्यपदक मिळाले. आज आमच्या किती शाळांतल्या मुलांना मजुमदार हे नाव ठाऊक आहे?

डिसेंबरच्या अखेरीस जपानी पायदळ लुझॉनवर उतरले होते. मॅनिला सोडून बाताआनच्या डोंगराळ द्वीपकल्पात माघार घेण्याचा हुकूम झाला. उरलीसुरली पी-२६ विमाने शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून २४ डिसेंबरला, नाताळच्या पूर्वसंध्येला, त्यांच्याच माणसांनी जाळून टाकली. वैमानिकांच्या हाती रायफली आल्या आणि ते पायदळात सामील झाले.

व्हिल्यामोर यांची आमच्या मते सर्वांत मोठी कामगिरी यानंतरची आहे, आणि तीत त्यांनी एकही गोळी झाडली नाही. फेब्रुवारी १९४२ मध्ये कावितेच्या किनाऱ्यावर लपवून ठेवलेल्या जपानी तोफा कोरेहिडोर बेटावर व आसपासच्या किल्ल्यांवर मारा करू लागल्या. त्या नेमक्या कुठे आहेत हे खालून दिसेना. कुणीतरी वरून जाऊन छायाचित्रे घ्यावयास हवी होती. त्यासाठी उपलब्ध असलेले विमान कोणते? उड्डाण शिकविण्यासाठी वापरले जाणारे, दोन मजली पंखांचे, संथ चालीचे स्टियरमन. त्यावर एकही शस्त्र नव्हते. ९ फेब्रुवारीला व्हिल्यामोर पुढे आणि कॅमेरा घेतलेला छायाचित्रकार त्यांच्यासोबत, असे ते शत्रूच्या तोफांवरून सरळ रेषेत उडत गेले. छायाचित्र घेणाऱ्या विमानाला वेडेवाकडे उडता येत नाही. रेषा चुकली की चित्र बिघडते. संरक्षणासाठी काही अमेरिकन पी-४० विमाने होती. परतीच्या वाटेवर जपानी लढाऊ विमाने आडवी आली. वर पी-४० आणि जपानी यांची चकमक जुंपली असताना व्हिल्यामोर यांनी आपले विमान खाली घातले आणि बाताआनच्या धावपट्टीवर उतरविले. फिती शाबूत होत्या. त्या चकमकीत जपान्यांची अनेक विमाने पडली. एक अमेरिकन वैमानिक परतला नाही. छायाचित्रांवरून तोफांची जागा कळली. हातात शस्त्र असताना धैर्य दाखविणे एक वेळ सोपे. हातात काही नसताना रेषा न सोडणे हे दुर्मीळ.

९ एप्रिल १९४२ रोजी बाताआन पडले. सुमारे पंच्याहत्तर हजार युद्धकैद्यांना, त्यांत बहुसंख्य फिलिपिनो, उपाशीतापाशी भर उन्हात शंभर किलोमीटरच्या आसपास चालविण्यात आले. वाटेत जे पडले त्यांना संगिनीने भोसकले गेले. ६ मे रोजी कोरेहिडोरनेही शरणागती पत्करली. व्हिल्यामोर त्यापूर्वीच बाहेर पडून ऑस्ट्रेलियात पोचले होते. तेथे सुखाने राहण्याची सोय त्यांना होती. त्यांनी परत जाण्याची सोय मागितली.

दोस्तांच्या गुप्तवार्ता विभागाने त्यांच्या नेतृत्वाखाली एक तुकडी सिद्ध केली. तिचे सांकेतिक नाव प्लॅनेट, म्हणजे ग्रह. २७ डिसेंबर १९४२ रोजी गजन या अमेरिकन पाणबुडीतून सहा माणसे आणि सुमारे टनभर सामान घेऊन ते निघाले आणि १४ जानेवारी १९४३ रोजी निग्रोस बेटाच्या किनाऱ्यावर उतरले. जपानव्याप्त फिलिपिन्समध्ये पाणबुडीने गेलेली अशा प्रकारची ही पहिली तुकडी. वैमानिकाने आता मातीत पाय रोवले होते. ज्या माणसाचे नाव वर्षभरापूर्वी देशाला मुखोद्गत झाले होते, त्याला आता नाव लपवून राहायचे होते. महिना संपण्यापूर्वी बेटावरून ऑस्ट्रेलियाशी बिनतारी संपर्क जुळला. मग हेरांचे जाळे विणले जाऊ लागले. एका गटाला दुसऱ्याची माहिती नसावी, एक पकडला गेला तरी साखळी तुटू नये, या धोरणाने माणसे तयार करून बेटाबेटांत आणि मॅनिलापर्यंत पाठविण्यात आली. निग्रोसवरच्या गनिमी टोळ्यांत आपसांत वैमनस्य होते. त्यांना एका सूत्रात आणण्याचे जिकिरीचे कामही त्यांच्यावर पडले. जुलैमध्ये अध्यक्ष केझॉन यांचे खाजगी डॉक्टर एमिग्दियो क्रूझ पाणबुडीने त्याच बेटावर आले, आणि तेथून व्यापाऱ्याच्या वेषात मॅनिलाला जाऊन मान्वेल रोहास यांना भेटून परतले. हेच रोहास १९४६ साली स्वतंत्र फिलिपिन्सचे पहिले अध्यक्ष झाले.

येथे आम्हांला एका नाजूक विषयाला हात घालणे भाग आहे. आमच्या पिढ्यांना जपानची जी ओळख झाली ती नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या आझाद हिंद सेनेच्या द्वारे. इंग्रजांच्या शत्रूचा हात धरून देश सोडविण्याचा त्यांचा मार्ग हजारो मराठी घरांत आदराने स्मरला जातो, आणि तो आदर आम्हांलाही आहे. पण याच जपानने १४ ऑक्टोबर १९४३ रोजी होसे लॉरेल यांच्या अध्यक्षतेखाली फिलिपिन्सचे प्रजासत्ताक उभे केले, आणि नोव्हेंबरमध्ये टोकियोला भरलेल्या बृहत्तर पूर्व आशिया परिषदेत लॉरेल व नेताजी दोघेही उपस्थित होते. त्याच सुमारास निग्रोसच्या रानात आणि मॅनिलाच्या गल्ल्यांत फिलिपिनो तरुण त्या जपानविरुद्ध प्राण पणाला लावीत होते. कोण बरोबर, कोण चूक, असा न्यायनिवाडा घरबसल्या करणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. नेताजींना जपान दिसला तो इंग्रजांना हटविणारी शक्ती म्हणून. फिलिपिनोला तो दिसला दारात संगीन घेऊन उभा असलेला शिपाई म्हणून. ज्यांना दहा वर्षांत स्वातंत्र्य मिळायचे ठरले होते त्यांच्या दारी हा नवा धनी आला होता. अंदमानातील आपल्या बांधवांनाही जपानचे हे दुसरे रूप पाहावे लागले, आणि त्यांचीही कहाणी आपल्याकडे थोड्यांनाच ठाऊक आहे. व्हिल्यामोर यांचे चरित्र मराठी वाचकाने वाचावे असे आम्ही म्हणतो ते या कारणास्तवही. एकाच सूर्याचा उदय शेजाऱ्याच्या अंगणातून निराळा दिसतो.

२० ऑक्टोबर १९४३ रोजी काब्रिला ही पाणबुडी व्हिल्यामोर यांना निग्रोसहून परत घेऊन गेली. बरोबर एक वर्षाने, त्याच तारखेला, मॅकार्थर यांच्या फौजा लेयते बेटावर उतरल्या. मधल्या वर्षभरात काय घडले? फिलिपिन्सविषयक गुप्तकार्य एव्हाना कर्नल कोर्टनी व्हिटनी यांच्या हाती गेले होते. व्हिटनी हे युद्धापूर्वी मॅनिलात वकिली केलेले आणि मॅकार्थर यांच्या खास मर्जीतले. प्रत्यक्ष शत्रूच्या गोटात नऊ महिने काढून आलेल्या फिलिपिनो अधिकाऱ्याच्या अनुभवाला या कारभारात मानाचे स्थान मिळाले नाही. व्हिल्यामोर यांच्या आठवणींत ही खंत लपलेली नाही. हुकूम सोडणारे गोरे आणि जीव धोक्यात घालणारे सावळे, ही विभागणी ज्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानी फौजेचा इतिहास वाचला आहे त्यांना परिचित वाटेल.

फेब्रुवारी १९४५ मध्ये मॅनिला मुक्त झाले, पण कोणते मॅनिला? महिनाभराच्या लढाईत, जपानी सैनिकांच्या कत्तलीत आणि अमेरिकन तोफांच्या माऱ्यात, लाखभर नागरिक बळी पडले आणि पूर्वेचा मोती म्हणून गौरविलेले शहर ढिगारा झाले. ठरल्याप्रमाणे ४ जुलै १९४६ रोजी फिलिपिन्स स्वतंत्र झाला. स्वातंत्र्याची हुंडी वटली.

दुसरी एक हुंडी मात्र वटली नाही. २६ जुलै १९४१ च्या रूझवेल्ट यांच्या हुकमाने अडीच लाखांच्या घरात फिलिपिनो अमेरिकेच्या निशाणाखाली लढले. अमेरिकन सैनिकाला मिळणारे हक्क आपल्यालाही मिळतील अशी त्यांची रास्त अपेक्षा होती. स्वातंत्र्यदिनाला साडेचार महिने असताना, १८ फेब्रुवारी १९४६ रोजी, अमेरिकेत एक कायदा झाला. त्यान्वये त्यांपैकी बहुतेकांची सेवा ही या हक्कांपुरती अमेरिकन लष्करातील सेवाच नव्हे असे ठरविण्यात आले. ज्या सेवेत मेले तिला सेवा म्हणायचे नाही! लढणारे म्हातारे होत गेले, एकेक करून गेले. २००९ साली, त्रेसष्ट वर्षांनी, हयात असलेल्यांना एकरकमी भरपाई मंजूर झाली: अमेरिकन नागरिकत्व घेतलेल्यांना १५ हजार डॉलर, न घेतलेल्यांना ९ हजार. एकाच खंदकात बसलेल्या दोघांच्या भरपाईत सहा हजारांचा फरक कोणत्या न्यायाने ठरला हे आम्हांला आजवर उमगलेले नाही. २०१६ साली त्यांना काँग्रेसचे सुवर्णपदक देणारा कायदा झाला, तोपर्यंत फारच थोडे उरले होते.

व्हिल्यामोर यांना हे काहीच पाहायला मिळाले नाही. त्यांच्या स्वतःच्या देशाने मात्र त्यांची आठवण ठेवली. २१ जानेवारी १९५४ रोजी अध्यक्ष रॅमन मॅगसेसे यांच्या कारकीर्दीत त्यांना फिलिपिन्सचे सर्वोच्च शौर्यपदक देण्यात आले. विनोबाजींना १९५८ साली आणि बाबा आमटे यांना १९८५ साली ज्यांच्या नावाचा पुरस्कार मिळाला तेच हे मॅगसेसे. तेही युद्धकाळात लुझॉनच्या डोंगरांतून जपान्यांशी गनिमी काव्याने लढलेले. पदकप्रदानाला तीन वर्षे होतात न होतात तोच, मार्च १९५७ मध्ये, त्यांचा विमान अपघातात अंत झाला.

२८ ऑक्टोबर १९७१ रोजी हेसूस व्हिल्यामोर यांचे निधन झाले. सत्तावन्नावा वाढदिवस दहा दिवसांवर आला होता. मॅनिलातील वीरांच्या राष्ट्रीय दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती देण्यात आली. निग्रोसच्या दिवसांवरचे त्यांचे पुस्तक छापून आले ते मृत्यूनंतर अकरा वर्षांनी, १९८२ साली. मॅनिलाच्या आंतरराष्ट्रीय विमानतळाला लागून असलेला हवाई तळ पूर्वी निकल्स या अमेरिकन नावाने ओळखला जाई. आता तो व्हिल्यामोर यांच्या नावाने ओळखला जातो. बोटीवर चढण्यासाठी मॅनिलाला उतरणाऱ्या आमच्या गोमंतकीय दर्यावर्दींच्या विमानाच्या खिडकीतून तो दिसतो.